चौसाळ्याचे घर आणि दोन वेलांट्या

मी, डॉ. अजमतबी जलालुद्दीन मोमीन, वय ७३ वर्षे, निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, मूळ राहणार अंबाजोगाई, सध्या मुक्काम चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या. तो मी तपासून, गुण देऊन परत केला. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला माझी विद्यार्थिनी डॉ. वैष्णवी हिने दिला आहे. तिने मला आजचा वार विचारला. मी वार, तारीख आणि तिथी सांगितली व तिच्या दाखल्यातील एक विभक्तिप्रत्यय सुधारला. याहून अधिक पुरावा हवा असणाऱ्याने मी हयात असतानाच यावे.

मी अविवाहित आहे. दिवंगत बंधूंचा मुलगा फराज, बीड येथील फळांचा व्यापारी, हा माझा एकमेव वारस. आमच्या धर्मकायद्याप्रमाणे मला मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. त्याहून अधिक वारसाबाहेर द्यायचे झाल्यास वारसाची संमती लागते, आणि तीही माझ्या पश्चात दिलेली. चौसाळ्याचे घर मी घेतले तेव्हा ते तृतीयांशात सहज बसत होते. मग महामार्ग रुंद झाला आणि घर जागचे न हलता मालमत्तेच्या निम्म्यावर जाऊन पोहोचले. ते घर ज्या बायकांसाठी आहे त्यांना ते मिळणार की नाही, हे त्यामुळे माझ्या लेखणीवर नव्हे, तर फराजवर अवलंबून आहे. कलम तीन म्हणूनच सावकाश वाचावे.

कलम एक. अंबाजोगाईचे दुकान व बँकेतील ठेवी फराजकडे वारसाहक्काने जातीलच. त्यासाठी शाई खर्च करीत नाही.

कलम दोन. माझे वडील जलालुद्दीन शिलाईमशीन दुरुस्त करीत. त्यांची हत्यारांची लाकडी पेटी, आतील सर्व पेचकस व तेलाच्या कुपीसह, चौसाळ्याच्या घरात शिवणकाम सांभाळणाऱ्या चंद्रभागाबाई यांना द्यावी. मशीन बिघडले की अब्बा आधी कान लावून ऐकत आणि मगच हत्यार उचलत. ही सवय पेटीसोबत चंद्रभागाबाईंकडे जाण्याची गरज नाही, ती त्यांच्यात आहेच. मी ती पेटी साठ वर्षे जवळ ठेवूनही शिकले नाही, हे पुढे दिसेल.

कलम तीन. चौसाळ्याचे घर, पुढील तपासणीच्या खोलीसह, मागील शिवणकामाच्या दालनासह व अंगणातील कडुनिंबासह, तेथे चालणाऱ्या महिला संस्थेस मिळावे. संस्थेचे नोंदणीकृत नाव 'गर्भाशय-आरोग्य व वस्त्रपिशवी-निर्मिती केंद्र' असे असून ते माझी रचना आहे. बारा वर्षांत हे नाव माझ्याखेरीज कोणी पूर्ण उच्चारलेले नाही.

हे घर का घेतले, ते नोंदवते. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बायको कोयत्यात मोजली जाते, म्हणजे मोजली जात नाही. कामाचा दिवस बुडाला तर खाडा, खाड्याला दंड. पाळीत दिवस बुडतो, दुखण्यात बुडतो. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या बायका मी तपासल्या आहेत आणि त्यातील अनेकींना औषधाने भागले असते. चंद्रभागाबाई प्रथम आल्या तेव्हा त्याच सल्ल्याचा कागद घेऊन आल्या होत्या. मी म्हटले, ऑपरेशनची गरज नाही, पंधरा दिवस औषध व विश्रांती घ्या. त्या म्हणाल्या, "बाई, औषध द्याल तुमी. इश्रांती कोन देईल?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते अब्बांच्या दुकानातील चार जुन्या मशीनमध्ये सापडले. पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली होती, बाजाराला कापडी पिशव्या हव्या होत्या. आज अठरा मशीन आहेत. स्वतःच्या नावावर मजुरी घेणारी बाई डॉक्टरला "इचार करून सांगते" असे म्हणू शकते, आणि माझ्या मते वैद्यकशास्त्रात याहून स्वस्त औषध नाही. गेल्या सात वर्षांत या अठराजणींपैकी एकीचेही गर्भाशय विनाकारण गेलेले नाही. बायकांनी या घराला लगेच चेष्टेने 'पिशवी' हे नाव दिले: "हितं पिशव्या शिवत्यात आन् पिशव्या वाचिवत्यात." मला ते रुचले नाही. गर्भाशय हा अवयव आहे, पिशवी ही भाजीची असते. पुढच्या खोलीत जी बाई 'पिशवी' म्हणाली तिला मी प्रथम 'गर्भाशय' म्हणायला लावले, मग नाडी पाहिली. हे मी बारा वर्षे केले आणि त्याला शिक्षण समजले.

आता फराज. त्याच्याविषयी माझे मत होते की सीताफळ पिकले की नाही, याहून खोल विचार त्याने कधी केलेला नाही. गेल्या महिन्यात घराविषयी विचारण्यास मी त्याला व त्याची पत्नी अदिबा हिला चंद्रभागाबाईंसमक्ष बोलावले. तो नकार देणार हे गृहीत धरून मी अकरा मुद्दे काढले होते. दोन मुद्दे ऐकून तो म्हणाला, घर त्या बायांचंच हाय, फूफी. मी कारण विचारले. तो अदिबाकडे पाहू लागला आणि अदिबा चंद्रभागाबाईंकडे.

मग जे समजले ते असे. सीताफळांच्या हंगामात अदिबाच्या ओटीपोटात दुखत होते. शहरातील एका डॉक्टरांनी तिला पिशवी काढण्यास सांगितले व तारीखही दिली. अदिबा बत्तीस वर्षांची आहे. ती एसटीने चौसाळ्यास उतरली आणि मागच्या दाराने चंद्रभागाबाईंच्या मशीनपाशी जाऊन बसली. त्यांनी मशीन थांबवले, सारे ऐकून घेतले, आठ दिवस कागदावर सही न करण्याचा येथील नियम तिला लावला आणि अंबाजोगाईस वैष्णवीकडे नेले. जंतुसंसर्ग निघाला. तीन आठवड्यांच्या औषधाने ती बरी झाली. त्या दिवशी मी पुढच्या खोलीत, वीस पावलांवर, वर्तमानपत्रातील चुका अधोरेखित करीत बसले होते.

माझ्याकडे का आली नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "फूफी, तुमी आदी शब्द दुरुस्त करता, मग दुखणं इचारता. तवर बाई रस्त्याला लागती."

मी तिचे 'आदी' दुरुस्त केले नाही. माझ्या आयुष्यातील ही एक नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

फराज वातावरण हलके करण्यासाठी म्हणाला, घर देतो, पण माझ्या फळांच्या पिशव्यांचा भाव जरा कमी लावा. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "भाव न्हाई कमी हुनार, शेट. घर देताय का सौदा करताय?" तो हसला. त्याची आजची संमती कायद्याने बंधनकारक नाही, हे मी जाणते. तरीही हे घर मी फराजच्या शब्दावर ठेवते, आणि सीताफळाविषयीचे मत मागे घेते.

घराबरोबर अटी अशा. हजेरीपटावर प्रत्येकीचे नाव स्वतंत्र व पूर्ण लिहावे. 'अमक्याची बायको' चालणार नाही. जिवाला धोका नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत व आठ दिवस यांशिवाय कोणीही ऑपरेशनच्या कागदावर अंगठा वा सही करू नये. मागचे दार दिवसा कधीही बंद करू नये. आणि माझी तपासणीची खुर्ची पुढच्या खोलीतून उचलून त्या दाराशी, चंद्रभागाबाईंच्या मशीनजवळ ठेवावी. हे मी उद्यापासूनच करणार आहे, मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कलम चार. माजी सरपंच बबनराव यांनी बारा वर्षांपूर्वी भर ग्रामसभेत विचारले होते, "बाया मिशिनीवर बसल्या तर भाकरी कोन थापल?" उत्तर आता गावाला माहीत आहे: बबनराव. भाकरीला पापुद्रा येतो, असे त्यांच्या पत्नी सुंदरबाई सांगतात. मी तपासलेले नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदारास त्यातून काही मिळू नये असा संकेत असल्याने मी बबनरावांना साक्षीदार केले आहे.

कलम पाच. सहा वर्षांपूर्वी बायकांनी मला न विचारता म्हाळू पेंटरकडून घरासाठी पाटी रंगवून आणली. तिच्यावर 'पीशवि' असे लिहिले होते. एका तीन अक्षरी शब्दात दोन चुका. मी ती दाराआड उभी करून ठेवली. शब्द चुकीचा आहे, असे माझे म्हणणे होते. शब्द बरोबर होता. मी चुकले होते. पाटी बाहेर काढून दर्शनी भिंतीवर लावावी. मात्र पि पहिली वेलांटी आणि वी दुसरी वेलांटी. यात तडजोड नाही. म्हाळूला दोन वेलांट्यांचे पैसे मी आजच दिले आहेत.

वरील मजकूर मी दोन वेळा तपासला. चूक आढळली नाही.

साक्षीदार:
१. डॉ. वैष्णवी भागवत, अंबाजोगाई (सही)
२. बबनराव, माजी सरपंच, चौसाळा (सही, वाचून, हसून)

दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार, माघ पौर्णिमा
ठिकाण: पिशवी, चौसाळा

(सही)
डॉ. अजमतबी जलालुद्दीन मोमीन