जास्वंदीवरचा मावा

चिमे,

जास्वंदीवर पुन्हा मावा पडलाय. मुंग्यांवर पावडर मारू नकोस, त्या माव्याच्या गोड चिकट रसासाठी येतात. मावा गेला की त्याही जातील. भिंतीला टेकलेली फांदी मी कापली, तिथूनच चढत होत्या. साबणाचं पाणी बाटलीत भरलंय, पानांच्या खालून फवार.

खरं तर सकाळीच मी एकटा उरकणार होतो. मग आठवलं, मागच्या वेळी तू पानं उलटून धरलीस, मी फवारत होतो, आणि आपण तासभर बोललो. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हा वर फवारायला सांगितलंय, ते खोडलं समज. दुकानातून चष्मा घेऊन पाचपर्यंत येतो. तोवर शोषू दे माव्याला पानं.

बाबा