आत्याबाईंची नाडी

प्रिय आत्याबाई,

काल माझी एम.पी.एड.ची तोंडी परीक्षा झाली. पास झाले! ह्यांनी पेढे आणले. मामा "लई बरं झालं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मी पेढा हातात धरून उभी राहिले. हा पहिला द्यायचा कुणाला?

म्हणून वही काढून बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. असू दे. तुम्हाला सांगितल्याशिवाय ही डिग्री मला माझी वाटत नाही.

परीक्षेला बाहेरून एक वयस्कर प्राध्यापक आले होते. प्रबंध चाळता चाळता एका पानावर थांबले. बोट ठेवून म्हणाले, "हा आकडा चुकलाय. दुरुस्त करून घ्या."

मी वाकून पाहिलं. तो तुमचा आकडा होता, आत्याबाई!

आठवतं, मी लग्न होऊन आले तेव्हा पळायचे बूट सोबत आणले होते? बी.पी.एड. झालेली, विद्यापीठाकडून पळालेली मुलगी मी. पण सासरी बूट कुठे घालायचे? दिले माळ्यावर टाकून. तुम्ही ऊसतोडीचा हंगाम संपवून कारखान्यावरून परतलात, माळा झाडायला चढलात आणि ते घेऊनच खाली आलात.

"हे कावून वर ठिवलेत? पाय वाढले का तुझे?"

मला हसावं की रडावं कळेना. त्याच आठवड्यात तुम्ही ह्यांना बीडला पिटाळलंत, कॉलेजचा फॉर्म आणायला. चुलतसासरे दारात येऊन बोलले, "सुनेनं मैदानात पळायचं? लोक काय म्हनतील?"

तुम्ही ज्वारी पाखडत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी डोक्यावर उसाची मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढते, तवा लोक काय म्हनत्यात वो, दाजी?"

दाजी आल्या पावली परतले. मी कॉलेजात गेले.

आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. तलावाला भेगा पडल्या, प्यायचं पाणी टँकरनं. उसाचा पत्ता नाही, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या सहकारी कारखान्यानं बॉयलर पेटवलाच नाही. टोळ्या घरीच बसल्या. मग सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली आणि तुम्ही दोन बैल, एक गाय घेऊन तिथं राहायला गेलात. तुम्ही, चंद्रकलामावशी, अख्ख्या टोळीतल्या बायका.

इकडे कॉलेजात सर विचारत होते, प्रबंध कशावर? वर्गातल्या साऱ्यांनी कबड्डीपटू नाहीतर धावपटू घेतले. मी म्हणाले, "ऊसतोड बायकांचा दम मोजायचाय."

"त्या तयार होतील?"

"माझ्या सासूबाई तयार होतील," मी म्हणाले. तुम्हाला विचारलंही नव्हतं! एवढा भरवसा कुठून आला होता मला?

सुताराकडून लाकडी पायरी करून घेतली, टेम्पोत टाकली आणि सरांना घेऊन मी छावणीत आले. बायकांना समजावलं : सर देतील त्या ठोक्याच्या तालावर पाच मिनिटं वर चढायचं, खाली उतरायचं. मग बसायचं. मी नाडी मोजणार. ज्याचं काळीज लवकर शांत होतं, त्याच्यात दम जास्त.

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चंद्रकलामावशी म्हणाल्या, "आमी काय शाळंतल्या पोरी हाव का, उड्या मारायला?" तुम्ही तर वरताण केलीत. "माजा ल्योक डेअरीत दुधाची फॅट मोजतो, सून बायांची नाडी मोजती. घरात मोजायचं सोडून राह्यलंय काय?"

सगळा माळ हसला. मी रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही कंबरेला पदर खोचलात. "व्हा बाजूला. पयली मी."

आधी तक्ता भरायचा होता. वय? "बहात्तरच्या दुष्काळातली हाय मी, आसं माय म्हनायची." ऊसतोडीला किती वर्षं? "लगीन झाल्यापून." काही ऑपरेशन? "गर्भाची पिशवी काढली. पोटात दुखायचं, काम बुडायचं, डाक्टर म्हनला काढून टाका. तिशीबी झाली नव्हती."

मी 'होय'च्या चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आत्याबाई, त्या खुणेची मला आजही लाज वाटते. पिशवी काढली तेव्हा तुम्ही आजच्या माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होतात. "मग कसं सोसलंत?" एवढंसुद्धा मी विचारलं नाही. त्या दिवशी आणखी किती बायकांनी तेच उत्तर दिलं आणि मी खुणा करत गेले!

मग तुम्ही पायरीपुढे उभ्या राहिलात. तळव्यानं तिची उंची चाचपलीत. "लई बुटकी हाय ग ही."

ठोके सुरू झाले. वर, खाली. वर, खाली. कॉलेजात हीच चाचणी घेतली, तेव्हा आमच्या वर्गातल्या दोन मुली तिसऱ्याच मिनिटाला बसल्या होत्या. मी पाच मिनिटं पुरी केली, पण नंतर गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होते. आणि तुम्ही? तुमचं तोंडसुद्धा उघडलं नाही. चौथ्या मिनिटाला तालावर चढता चढताच तुम्ही ओरडलात, "चंद्रकले, तुजा बैल सुटला बघ!"

पाच मिनिटं झाली. मी मनगट धरलं, मोजलं. काहीतरी चुकलंय असं वाटून सरांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग दुसरं मनगट धरलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वैशाली, तुझं घड्याळ बरोबर आहे ना?"

घड्याळ बरोबर होतं.

सरांनी हात जोडून विचारलं, "बाई, तुम्ही खाता काय?"

"भाकर. आन् आसलं तर कोरड्यास."

आत्याबाई, लांब पल्ल्याच्या धावपटूचं काळीज सरावानं कसं मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त कसं फेकतं, हे मी पुस्तकात पाठ केलं होतं. त्यासाठी प्रशिक्षक लागतो, खुराक लागतो, विश्रांती लागते, असंही लिहिलं होतं. आणि इथं माझ्यासमोर, शेणाच्या वासात, एक बाई बसली होती. तिला यातलं काही मिळालं नव्हतं आणि तिची नाडी बघता बघता जाग्यावर येत होती! इतके महिने मी तुमच्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवले. एवढं मोठं काळीज शेजारी चाललंय, याचा मला पत्ताच नव्हता.

तुम्ही विचारलंत, "पास झाले का मी?"

"पहिल्या आलात!"

"मंग जाऊ का? गाईला कडबा टाकायचाय." आणि गेलातसुद्धा.

तुमच्यामागं साऱ्याजणी रांगेत उभ्या राहिल्या. माझा प्रबंध त्या रांगेनं लिहिला.

पुढच्या साली पाऊस झाला, कारखाना सुरू झाला, दिवाळीनंतर तुम्ही आणि मामा जोडीनं टोळीबरोबर गेलात. पौषात मामांचा फोन आला, "तिला ताप हाय. गोळी घेतलीया, उसाच्या फडात गेलीया." आणि मी काय म्हणाले? "काळजी घ्या म्हणावं." एवढंच! तुमचं काळीज कसं आहे हे मी मोजलं होतं ना. मला वाटलं, तुम्हाला काय होणार?

असा ताप अंगावर कावून काढलात, आत्याबाई? एकदा म्हणायचं होतं, मला जमत नाही म्हणून!

तिसऱ्या दिवशी तुम्ही फडातच कोसळलात. मी दुपारी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप छातीत उतरलाय, उशीर झाला. मी तुमचं मनगट धरलं. छावणीतली तुमची नाडी मला पाठ होती. ही ती नव्हती. ही नुसती पळत सुटली होती, ना ताल, ना थारा.

तुम्ही डोळे उघडलेत. "परिक्षा कवाय?"

"चैतात."

"मंग हितं कावून आलीस? जा, अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

काल ते प्राध्यापक आकड्यावर बोट ठेवून बसले, तेव्हा सर उभे राहिले. "मी स्वतः दोनदा मोजलाय." प्राध्यापकांनी बोट उचललं. म्हणाले, "या बाईंना मला भेटवाल?"

मी सांगितलं, त्या माझ्या सासूबाई. पौषात वारल्या.

"एवढ्या दमाच्या बाई! कशानं?"

"तापानं, सर."

त्यांनी प्रबंध मिटला. निकालाच्या कागदावर सही केली.

आज सकाळी चंद्रकलामावशी आल्या. पेढा घेतला, उंबऱ्यात टेकल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, "वैशे, माजा आकडा किती आलता ग?" वर्ष झालं, आत्याबाई! तीस बायकांचे आकडे मी कॉलेजात दिले, त्या तिसांतल्या एकीलाही सांगितले नाहीत. मी प्रबंध उघडून त्यांचा आकडा दाखवला. मग त्यांची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली. त्या डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, "अगं, ही तर बोलती!"

म्हणून शब्द देते. यंदा टोळी निघायच्या आधी मी घरोघर जाणार. प्रत्येकीला तिचा आकडा तोंडी सांगणार. सकाळी उठल्या उठल्या स्वतःची नाडी मोजायला शिकवणार. रोजच्यापेक्षा ती फार पळायला लागली, तर त्या दिवशी कोयता हातात घ्यायचा नाही, आधी दवाखाना. टोळीचा मुकादम ऐकेल? नाही ऐकायचा. म्हणून त्याच्याही दारात जाणार, सरांना सोबत घेऊन. आणि ज्यांच्या पिशवीची मी नुसती खूण केली, त्यांतल्या प्रत्येकीजवळ बसून विचारणार, "मग कसं सोसलंत?" ती थांबेपर्यंत ऐकणार.

सुरुवात मामांपासून केली. आत्ताच त्यांची नाडी मोजली. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

तुमची सून,
वैशाली