कोपऱ्यातली पिल्लं

४ जून
आई एकदा म्हणाली होती, पोर रडलं की पाय आपसूक उठतात, ते आपल्याला विचारत बसत नाहीत. आज नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते आठवलं. प्रयोगशाळेतली उंदरांची खोली उबदार आहे, लाकडाच्या भुशाचा वास येतो. आईची माया येते कुठून, हे शोधायला इथे एक जनुक काढून टाकून उंदरांचा नवा वंश तयार करतात. माझं काम सोपं. पिल्लं पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत ठेवायची आणि आई त्यांना उचलून घरट्यात नेते का, ते मध्ये न पडता बघायचं. जनुक नसलेल्या उंदरांच्या उजव्या कानाला चिमट्याने भोक पाडतात, ओळखू यावेत म्हणून.
ताई फोनवर खूप हसली. म्हणाली, पाल दिसली की खुर्चीवर चढणारी तू, आता उंदरांची सुईण झालीस! माझी लेक, चिमणी, नव्या घरभर धावत होती. तीन वर्षांची, पण आवाज केवढा!

११ जून
साध्या माद्या पिल्लू चिरकलं की धावतात. कानाला भोक असलेल्या नुसत्या ऐकतात, आणि दाणे कुरतडत राहतात. पिल्लू कोपऱ्यात गार पडतं. आज माझा हात पुढे गेलाच. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी मनगट धरलं. होईल सवय, म्हणाल्या. तुम्हाला मुलं किती, असं मी विचारलं. त्या जरा आठवत राहिल्या. एक होता बहुतेक, म्हणाल्या. केस त्या कायम कानांवरून घेतात.

२० जून
सवय झाली. हात पुढे जात नाही. वाईट वाटत नाही. बरंही नाही.

२६ जून
चिमणी पलंगावरून पडली. रडत होती. मी चहा संपवला, कप विसळला. मग ती रडायची थांबली. माझ्याकडे आली नाही. कोपऱ्यात जाऊन बसली —

२७ जून
वेणी घालताना बोटाला काहीतरी जाणवलं. माझ्या उजव्या कानाच्या कडेला गोल भोक. रक्त नाही. कधी पाडलं, कुणी — आठवत नाही. मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी फक्त स्वतःच्या उजव्या कानावरचे केस मागे सारले. तिथेही तसंच भोक.
घाबरायला हवं. कसं घाबरतात, तेवढं आठवतंय.

३० जून
चिमणीला ताप आहे. हाका मारतेय. पाय उठत नाहीत —
ताईला निरोप लिहिते आहे. ताई, हिला घेऊन जा. तू नाहीच म्हणशील. आईपासून पोर तोडू का, म्हणशील, डोकं ठिकाणावर आहे का तुझं. तरी ये. ताप होता, आता ती गार पडत चाललीय, आणि मी इथे बसून नुसती बघ —