चाक थांबलं त्या दिवशी

डर्वेंट नदीकाठ, ऑगस्ट १७८४

प्रिय डॉर्कस,

थोरलीचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, ओटची लापशी पोटभर मिळते. आईचा खोकला कसा आहे?

सूतगिरणीत इतका खडखडाट असतो की आम्ही एकमेकींचे ओठ वाचून बोलतो. मुकादमाच्या शिव्या ऐकू येत नाहीत, तेवढंच पुण्य.

मंगळवारी नदीचं पाणी आटलं आणि यंत्रं फिरवणारं पाण्याचं चाक थांबलं. माझ्या कानांत मात्र खडखडाट चालूच होता. शेजारची टॅबिथा म्हणाली, "अगं केझाया, बोंबलतेस कशाला? यंत्रं बंद आहेत!"

तेही मी तिच्या ओठांवरूनच वाचलं.

रडू आलं नाही. आईला काही सांगू नकोस. नाताळात येईन. ती पाठीमागून हाक मारेल, तेव्हा मला हळूच चिमटा काढ.

तुझीच,
केझाया