माझ्या चेहऱ्याबाबत खुलासा

मी, अभिमन रतिलाल पाटील, वय ६७, धंदा नट, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात, पाय आणि चेहरा यांच्याबद्दल मी हमी देत नाही. मला कंपवात आहे.

१. पिंप्राळ्याचे घर माझी पत्नी यशोदाबाई हिच्या हयातीत तिचे एकटीचे राहील. तिच्या पश्चात मुलगा हितेंद्र व मुलगी दिपमाला यांनी ते निम्मे निम्मे घ्यावे. बँकेतली ठेव यशोदाबाईचीच. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला कोणी हात लावू नये, त्यावरून तिचे शेजारणीशी भांडण आहे आणि ते तिला रोज हवे असते.

२. रंगाची पेटी, टोप, मिशा हे सर्व चिंधाला द्यावे. तमाशाच्या फडात आणि नंतर अहिराणी व्हिडिओंत तो माझा जोडीदार होता. माझ्या मिशा त्याने आयुष्यभर न विचारता वापरल्या, आता हक्काने वापराव्यात.

३. व्हिडिओ काढणारा रुपचंद दारावर आला तर चहा पाजावा. माझा हात खराच कापत होता तेव्हा त्याने कॅमेरा चालू ठेवला आणि ते दारुड्याचे सोंग म्हणून खपवले. लोक पोट धरून हसले. त्याने हार आणला तर घ्यावा, कॅमेरा आणला तर तो बाहेर ठेवायला सांगावे.

४. माझ्या आठवणींचे पुस्तक मी बोललो आणि यशोदाबाईने लिहिले. धुळ्याच्या प्रकाशकाला त्यात फडातले किस्से वाढवून हवेत आणि आजाराची प्रकरणे काढून हवीत. ती काढू नयेत. न्हाणीघरात पडलो, भाकरीचा घास तोंडापर्यंत पोचेना, बायको मला लुगड्याच्या पदराने पुसत बसली, हेही मीच जगलो आहे. पुस्तकाचे सर्व हक्क हितेंद्रला देत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आबा, त्याने आधी वाचावे अशी अट घाला." मी घातली नाही. सक्तीने हाती दिलेले पुस्तक मीही कधी पुरे केलेले नाही.

५. हितेंद्रबाबत थोडे सविस्तर लिहितो.

त्याने कामिनीला घरी आणले आणि हिच्याशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा मी खाटेवर बसलो होतो. पोरगी मला पाहताक्षणी आवडली. मी हसलो, निदान मला तसे वाटले. हितेंद्र माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही नट शेतस. एक भुवई उचलीसन बठ्ठा गाव हसाडतस. मन्हाकरता तेवढी उचलता उनी नही?" सगळ्या गावासाठी उचलणारी भुवई त्याच्यासाठी उचलली नाही, म्हणजे पोरगी मला पसंत नाही, असे धरून कामिनीला घेऊन तो शिरपूरला निघून गेला. लग्नाला आम्हाला बोलावले नाही.

वर्षभराने आजाराचे निदान झाले. या आजारात आधी चेहराच थिजतो, असे डॉक्टर म्हणाले. मी फोन करून हितेंद्रला सांगितले. त्याला ते आता शोधलेले निमित्त वाटले. तो म्हणाला, "आते आजारनं नाव पुढे करू नका."

ते मला फार लागले, पण त्याला दोष देत नाही. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर लोकांनी आजार ओळखला असता. माझ्या घरात सगळ्यांना वाटते की चेहरा माझ्या हुकमतीत आहे. यशोदाबाई अजून भरीत वाढून विचारते, "राग उना का?" मी नाही म्हणतो. तोंड तसेच राहते, मग ती बिचारी दुसऱ्या दिवशी मिरची कमी घालते. भरीत उत्तम असते.

६. माझ्या अंत्यदर्शनाला हितेंद्र येईल. आईसाठी तरी येईलच. तो माझ्या तोंडाकडे बघेल आणि तिथे त्याला काहीच दिसणार नाही. कोणी "शांत झोपल्यासारखे वाटतात" असे म्हणून त्याची समजूत काढू नये. त्याऐवजी हे कलम त्याला तिथेच मोठ्याने वाचून दाखवावे.

वकीलसाहेबांचे म्हणणे की आनंद ही काही मिळकत नव्हे, तो मृत्युपत्रात बसत नाही. मी त्यांना बसवायला लावला आहे. सबब दोन साक्षीदारांसमक्ष नमूद करतो की कामिनीला घेऊन तू दारात उभा राहिलास तेव्हा मला आनंद झाला होता, आणि आज तू आलास याचाही झाला आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत त्यावर सही केली. सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

लिहून ठेवणार: अभिमन रतिलाल पाटील

साक्षीदार:
१. कुंदाबाई हिरामण महाजन, पिंप्राळा
२. ललित सुपडू बोरसे, पिंप्राळा

जळगाव, दिनांक १२ फेब्रुवारी २०२४