मागण्याची पात्रता

बाई, आज तुमच्या वसतिगृहात मुलाखती घ्यायला बसले होते. हो, मी! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, एवढी शहाणी कधी झालीस?" निवृत्त झाले तरी सल्लागार म्हणून बोलावतात, खुर्ची देतात, बिस्किटं पुढे करतात. वसतिगृहाला आता 'निधी-संकलन व जनसंपर्क अधिकारी' हवाय. तुमच्या वेळी याला वर्गणीला जाणं म्हणायचे. जाहिरातीत पात्रता छापली आहे: व्यवस्थापनाची पदवी, जनसंपर्काची पदविका, तीन वर्षांचा अनुभव, इंग्रजीवर प्रभुत्व. वाचता वाचता मला हसूच फुटलं. यातलं मी आले तेव्हा माझ्याकडे काय होतं? आणि तुमच्याकडे तरी काय होतं? मग मला घेतलंत कशाला, हे कोडं आज पुन्हा डोक्यात शिरलं आणि काही केल्या जाईना.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी नुकतीच बी.ए. झालेली, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभी आहे, आणि तुम्ही सुपात तूर निवडताय. फाईल उघडलीसुद्धा नाहीत. एवढंच विचारलंत, "कुणाकडं कधी काही मागितलंयस का गं?" मी खरं ते सांगून टाकलं. "नाही बाई. आमच्या घरी मागणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शेजारून विरजण आणायलासुद्धा आई पाठवत नाही." झालं, गेली नोकरी, असं वाटलं मला. तुम्ही सुपातला कोंडा फुंकलात आणि म्हणालात, "सोमवारपासून ये." का हो बाई? काय दिसलं तुम्हाला? त्या दिवशी विचारायचं धैर्य नव्हतं, आणि पुढे कामाच्या रगाड्यात राहूनच गेलं.

पहिल्याच महिन्यात मी तुमचं नाक कापलं. वसतिगृहाची माहिती मी फार सुंदर भाषेत लिहून, चक्रमुद्रित करून घेतली होती. तो कागद घेऊन भल्या सकाळी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात शिरले. मालक नुकतंच दार उघडून उदबत्ती लावत होते. मी सुरूच झाले, "आमच्या संस्थेचा उद्देश..." त्यांनी उदबत्ती खोचली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "अगं, अजून बोहणी व्हायची हाय. पैली विक्री न्हाय, अन् तू हात पसरायलीस? कुणाची गं तू? घरात कुणी सांगितलं न्हाय व्हय?" आमच्या घरी सगळे मास्तर, बोहणीआधी दुकानातून कुणी काही देत नाही, हे मला कोण सांगणार? बरं, गप्प बसावं की नाही! मी वर म्हणाले, "थोडं दिलंत तरी चालेल." त्यांनी दोन्ही हात जोडून मला पायरी दाखवली.

तुम्ही भाकरी थापत होतात. सगळं ऐकलंत आणि हात थांबला. "कागद बरा लिहितेस, पण माणूस वाचता येत नाही तुला. मूर्ख आहेस." मी ढसाढसा रडले. तुम्ही ताटात भाकरी टाकलीत, शेंगाचटणीवर तेल ओतलंत. "रडून झालं की जेव. उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच दुकानात. मी तुमच्या पदराआड लपलेली. "मालक, एक पंचा द्या." त्यांनी पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकले, आणि आपण निघालो! वसतिगृहाचा 'व'सुद्धा कुणी काढला नाही. "बाई, विचारलं का नाही?" तर म्हणालात, "जाऊ दे की आज त्याचा दिवस चांगला." पुढच्या दिवशी पुन्हा पंचा. त्याच्या पुढच्या दिवशी उशीचा अभ्रा. चौथ्या दिवशी ते तुमच्याशी कानडीत काहीतरी बोलले आणि मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "पोरी किती हायत हो तुमच्याकडं?" तुम्ही आकडा सांगितला नाहीत. "येऊन बघा की," म्हणालात. थंडीच्या तोंडावर ते बायकोला घेऊन आले, आणि मागून हातगाडीवर चादरींचा गठ्ठा. केवढी युक्ती, असं मी म्हटलं, तर तुम्ही माझ्यावरच चिडलात. "युक्ती कसली? पंचे मला खरंच हवे होते." ही थट्टा होती की खरं, आजवर मला ठरवता आलेलं नाही.

आज शेवटी एक मुलगी आली. माळशिरसकडची, साधी बी.ए., याच वसतिगृहात राहून शिकलेली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, कुठे निधी उभारलाय का? "न्हाय सर. मला मागायची लई लाज वाटती. पन हितं राहून माझं काय झालं, ते सांगता येतंय की मला." बाई, मला वाटलं, तुम्ही असतात तर सोमवारीच बोलावलं असतंत. ती बाहेर गेली आणि समितीतले बाकीचे चौघे म्हणाले, कम्युनिकेशन कमी पडतंय, पदविकाही नाही. अध्यक्षांनी तिच्या नावावर काट मारायला पेन टेकवलं आणि मला विचारलं, "ताई, तुमचं काय मत?"

सहा महिने हिला माझ्या हाताखाली द्या, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर दारोदार मागत फिरले मी. एका पोरीसाठी एवढं मागणं काय जड होतं? पण मी म्हणाले, "समितीला योग्य वाटेल तसं." मग चहा आला.

हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार? लिहितेय ते एकाच गोष्टीसाठी. बाई, मला लाज वाटली, पण ती मागायची नव्हती. माझ्याकडेही पदविका नव्हती, हे त्या चौघांना कळेल, याची वाटली.