तळ्याचा पलीकडचा काठ

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५. नवागाम, सुरत

रमणभाईंच्या फोटो स्टुडिओतला तोरणमाळच्या तळ्याचा पडदा मी रंगवलेला. त्यांना होडी हवी होती, हंस हवे होते. "जसं आहे तसंच राहील," असं मीच बजावलं होतं.

आज चलथाणहून एक ऊसतोड कामगार आला, तोरणमाळचाच. आईला फोटो पाठवायचा होता. पडदा बघून म्हणाला, "दादा, टेकडी डाव्या हाताला पाहिजे."

"मी पलीकडच्या काठावरून काढलंय," मी ठोकून दिलं.

तो हसला. "तिकडं राखीव जंगल. गार्ड आम्हाला सोडत नाही, तुम्हाला कसं सोडलं?"

रमणभाई माझ्याकडं बघत राहिले.

घरी येऊन जुनं स्केच काढलं. टेकडी डावीकडंच! पडद्यावर उतरवताना ट्रेसिंग पेपर उलटा पडला, दुसरं काय? वीस वर्षं मिलमध्ये साड्यांची डिझाइनं ट्रेस करतोय, कुणाकडं न शिकता, आणि हे... कबूल करावं तर रमणभाईंसमोर नाक जातं. न करावं तर ती टेकडी रोज उजवीकडं उभी.

त्या माणसानं शेवटी स्टुडिओतल्या कोऱ्या भिंतीपुढं फोटो काढून घेतला होता. म्हणाला, "हे तळं बघून आईला वाटेल, मी भलतीकडंच जाऊन पडलोय."